निजामाचे हजार पौंड आणि क्लोरोफॉर्मचा खटला

1889 साली हैदराबादच्या निजामाने ‘द लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकाला हजार पौंड देऊ केले. साप्ताहिकाने आपला एक जाणकार माणूस हैदराबादेत पाठवावा आणि क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, याचा निकाल त्याच्या डोळ्यांदेखत लावून घ्यावा, एवढीच अपेक्षा होती. त्या काळच्या संस्थानिकांनी शिकारीवर, हिऱ्यांवर आणि घोड्यांवर किती पैसा उडवला याची गणती नाही. शरीरशास्त्रातल्या एका प्रश्नावर थैली मोकळी करणारा मीर महबूब अली खान हा सहावा निजाम त्यात उठून दिसतो. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

प्रश्न पंडिती वाटला तरी तसा नव्हता. भूल देणाऱ्याने बोट नाडीवर ठेवायचे की नजर छातीवर, हे त्या उत्तरावर ठरणार होते. गेली चाळीस वर्षे लंडन आणि एडिंबरा या दोन गावांचे डॉक्टर त्यावरून हमरीतुमरीवर आले होते, आणि दरम्यान टेबलावर माणसे मरत होती.

भांडणाचे मूळ 1846 मध्ये आहे. त्या वर्षी 16 ऑक्टोबरला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची वाफ हुंगवून एका तरुणाला गुंगी आणली आणि जॉन वॉरन या सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ कापली. रोगी ओरडला नाही. तोपर्यंत शस्त्रक्रिया म्हणजे चार दांडग्या माणसांनी रोग्याला दाबून धरायचे आणि सर्जनने घड्याळाशी शर्यत लावायची, असा मामला होता. बोस्टनची बातमी आगबोटीने जगभर गेली आणि पुढच्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ईथर वापरलेही गेले.

पण ईथर हे थंड हवेचे औषध. साधारण साडेचौतीस अंशांना ते उकळते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये बाटलीचे बूच काढले की ते रोग्याच्या नाकापर्यंत पोचण्याआधीच हवेत विरायचे. शिवाय ते भडकन पेट घेते, आणि शस्त्रक्रिया तर दिव्याच्या उजेडात चालत. ते लागायचेही पुष्कळ, वासही उग्र. एडिंबराचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्प्सन यांना म्हणूनच दुसरे काहीतरी हवे होते. 4 नोव्हेंबर 1847 च्या रात्री जेवणे उरकल्यावर त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दिवाणखान्यात बसून क्लोरोफॉर्म हुंगला. आधी तिघेही फार खुशीत येऊन बडबडू लागले आणि मग एकामागोमाग एक आडवे झाले. शुद्धीवर येताच सिम्प्सन यांची खात्री पटली आणि काही दिवसांतच ते प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देऊ लागले. आजच्या कुठल्याही नीतिसमितीला हा प्रयोग वाचूनच घाम फुटेल.

क्लोरोफॉर्मला वास गोडसर, तो पेट घेत नाही, आणि रुमालावर चमचाभर ओतला तरी काम भागते. पलटणीच्या डॉक्टरला तो खिशात टाकून नेता येई. उकळायला त्याला एकसष्ट अंश लागतात, त्यामुळे हिंदुस्थानच्या उन्हाळ्यातही तो बाटलीत टिके. इथल्या दवाखान्यांत ईथर मागे पडून क्लोरोफॉर्मच पुढे आला यात नवल नव्हते. 1853 मध्ये राणी व्हिक्टोरियाने बाळंतपणात जॉन स्नो यांच्याकडून तो घेतला, तेव्हा त्याला राजमान्यताही मिळाली.

त्याच्या पाच वर्षे आधी एक मुलगी मात्र गेली होती. न्यूकॅसलजवळच्या विनलॅटन गावची हॅना ग्रीनर, वय वर्षे पंधरा. दुखणे पायाच्या अंगठ्याच्या नखाचे. काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या पायाचे नख ईथरखाली काढले होते आणि ते सुखरूप पार पडले होते. 28 जानेवारी 1848 ला डॉक्टर घरी आले तेव्हा ती घाबरून रडत होती. तिला खुर्चीत बसवले आणि साधारण चहाचा चमचाभर क्लोरोफॉर्म फडक्यावर घेऊन नाकाशी धरला. डॉक्टरांनी नखाभोवती चिरा दिला, तिने पायाला हिसका दिला, आणि क्षणात ओठ पांढरे पडले. तोंडावर पाणी मारले, ब्रँडी पाजली, काही उपयोग झाला नाही. सगळे मिळून तीनेक मिनिटे.

सिम्प्सन म्हणाले, क्लोरोफॉर्मने नव्हे, घशात ओतलेल्या पाण्या-ब्रँडीने ती गुदमरली. स्नो म्हणाले, हृदय थांबले. हॅनाच्या मृत्यूतल्या तीन गोष्टी मात्र पुढे इतर मृत्यूंच्या नोंदींत पुन्हा पुन्हा येत राहिल्या: शस्त्रक्रिया क्षुल्लक, रोगी तरुण आणि भेदरलेला, आणि मरण अगदी सुरुवातीला, पुरती भूल चढण्याआधीच. त्या तिन्हींची सांगड घालायला त्रेसष्ट वर्षे लागली.

स्नो हे हिशेबी गृहस्थ. कॉलऱ्याचा उगम लंडनच्या पाण्याच्या पंपापर्यंत शोधत नेणारे तेच. भूल टप्प्याटप्प्याने चढते हे त्यांनी नीट मांडून दाखवले: आधी डोके हलके होते, मग बडबड आणि हातपाय झाडणे, मग वेदनेची जाणीव जाते, पुढे स्नायू सैल पडतात, आणि त्यापलीकडे गेले तर श्वास मंदावत थांबतो. क्लोरोफॉर्मच्या मृत्यूंची टाचणेही त्यांनी जमवली. रुमालावर ओतलेल्या औषधाची वाफ कधी विरळ तर कधी भलतीच दाट होते आणि दाट वाफेचा एक झोत हृदयाला पुरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून ते मोजून वाफ देणारे यंत्र वापरत. त्यांच्यामागून आलेले जोसेफ क्लोव्हर तर साडेचार टक्के वाफ भरलेली मोठी पिशवी पाठीवर टाकून येत आणि एक बोट कायम रोग्याच्या नाडीवर ठेवत. ही लंडनची तऱ्हा.

एडिंबराला या यंत्रांचे हसू येई. तिथल्या जेम्स साइम यांचा रिवाज साधा होता: घडी घातलेले फडके, त्यावर सढळ हाताने क्लोरोफॉर्म आणि सगळे लक्ष श्वासावर. नाडी बघायचीच नाही, कारण नाडी बिघडेपर्यंत उशीर झालेला असतो. साइम यांचे जावई जोसेफ लिस्टर यांनीही हेच शिकवले. आणि साइम यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी हा धडा गुरुमंत्रासारखा उराशी धरून हिंदुस्थानात आला. त्याचे नाव एडवर्ड लॉरी.

लॉरी आधी लाहोरला होते. 1885 मध्ये ते हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले आणि तिथल्या मेडिकल स्कूलची सूत्रेही त्यांच्या हाती आली. अफझलगंजच्या इस्पितळात ते रोज शस्त्रक्रिया करत आणि भूल देण्याचे काम विद्यार्थ्यांना शिकवत. श्वासावर नजर ठेवली तर क्लोरोफॉर्मने मृत्यू येऊच शकत नाही, हे त्यांचे मत नव्हते, ती श्रद्धा होती. स्वतःच्या हातून कुणी दगावला नाही याचा त्यांना अभिमान होता, आणि लंडनमध्ये मृत्यू होतात ते तिथल्या लोकांना क्लोरोफॉर्म देता येत नाही म्हणून, असे ते उघड बोलत. असा माणूस लंडनला आवडणे कठीणच होते.

1888 मध्ये त्यांनी निजाम सरकारकडून पहिला आयोग नेमवून घेतला. पॅट्रिक हेहिर आणि आणखी दोघे स्थानिक डॉक्टर त्यात होते. गावातली भटकी कुत्री धरून आणायची, त्यांना क्लोरोफॉर्म देत राहायचा आणि आधी काय थांबते ते पाहायचे. दरवेळी आधी श्वास थांबला, मग काही वेळाने हृदय. इंग्लंडात 1876 च्या कायद्याने जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवान्याची वेसण घातली होती, हैदराबादेत तशी अडचण नव्हती. ‘लॅन्सेट’ने अहवाल छापला, पण वर ताशेरे ओढले: चाळीस वर्षांच्या अनुभवाविरुद्ध हा पुरावा पुरेसा नाही. 1880 मध्ये ग्लासगोच्या एका समितीने तर क्लोरोफॉर्मखाली हृदय दुबळे पडते असे प्रयोगांनीच दाखवले होते. यावर लॉरी यांनी निजामाकडून हजार पौंडांचा तो प्रस्ताव धाडला. तुमचाच माणूस पाठवा, म्हणजे बोलायला जागा नको.

‘लॅन्सेट’ने पाठवलेला माणूस साधासुधा नव्हता. टॉमस लॉडर ब्रंटन हे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळातले औषधशास्त्राचे मोठे जाणकार. छातीत कळ येणाऱ्या हृदयरोग्यांना अमिल नायट्राइट हुंगवले की आराम पडतो, हे त्यांनी 1867 मध्येच दाखवले होते. विशेष म्हणजे ते येताना क्लोरोफॉर्म हृदयाला मारतो या मताचे होते. लॉरी अध्यक्ष, आणि त्यांच्यासोबत ब्रंटन, जेराल्ड बॉमफर्ड व हैदराबादचे डॉ. रुस्तमजी हकीम, असा दुसरा आयोग 1889 च्या ऑक्टोबरात कामाला लागला तो डिसेंबरपर्यंत.

या खेपेला नुसत्या डोळ्यांवर भिस्त नव्हती. प्राण्याच्या धमनीत नळी बसवून ती पाऱ्याच्या दाबमापकाला जोडायची. पाऱ्यावर तरंगणारी काडी खालीवर होई आणि काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या पिंपावर पांढरी नागमोडी रेघ ओढत जाई. नाडीचा प्रत्येक ठोका, श्वासागणिक रक्तदाबाचा चढउतार, सगळे त्या काजळीत उमटे. मग कागदावर रोगण चढवायचे आणि त्याचा फोटो घ्यायचा. हृदय दुबळे असले तर काय, या शंकेसाठी काही कुत्र्यांना फॉस्फरस देऊन त्यांची हृदये मुद्दाम बिघडवली. अर्धवट गुंगीत धक्का बसून हृदय थांबते म्हणतात, म्हणून अर्धवट गुंगीतच दात उपटून पाहिले, नखे काढून पाहिली, डोळ्याचे स्नायू कापून पाहिले. हे आज वाचताना पोटात कालवते. पण प्रश्न विचारण्यात आयोगाने आळस केला नाही, हेही कबूल करायला हवे.

डिसेंबरात ब्रंटन यांची तार लंडनला पोचली. कुत्री, घोडे, माकडे, शेळ्या, मांजरे आणि ससे मिळून 490 प्राणी, त्यांपैकी 120 दाबमापकासह, सर्व आलेखांचे फोटो घेतलेले. धोका आहे तो गुदमरण्याचा किंवा मात्रा जास्त झाल्याचा, हृदयावर थेट घाला मुळीच नाही. विरोधी पक्षाचा वकीलच फितूर व्हावा तसे हे झाले. 1890 मध्ये ‘लॅन्सेट’मधून अहवाल हप्त्याहप्त्याने येऊ लागला आणि 1891 मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यातून त्याचे पुस्तक निघाले.

अहवालात भूल देणाऱ्यासाठी जे नियम दिले आहेत ते घरगुती भाषेत असे सांगता येतील: रोग्याला उताणे निजवा, खुर्चीत बसवू नका. गळ्या-छातीचे कपडे सैल करा. फडक्याच्या टोपीत कापूस घालून त्यावर औषध घ्या, पण नाक-तोंड दाबू नका, हवा आत गेली पाहिजे. डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श करूनही पापणी मिटत नाही इतकी पुरती भूल चढल्याशिवाय सर्जनने सुरी लावू नये. नजर सतत श्वासावर असू द्या. श्वास अडला तर तात्काळ जीभ पुढे ओढा, जबडा उचला आणि कृत्रिम श्वास सुरू करा. यातला शेवटचा नियम आजच्या कुठल्याही भूलतज्ज्ञाला दाखवा, तो मान डोलावेल.

याच काळात हैदराबादच्या मेडिकल स्कूलमध्ये एक पारशी मुलगी शिकत होती, रूपाबाई फर्दुनजी. 1885 ला तिथे दाखल झालेल्या पहिल्या पाच मुलींपैकी त्या एक. 1889 मध्ये त्या हकीम झाल्या, आयोगाच्या कामातही त्यांचा हात होता. पुढे त्यांनी हैदराबादच्या इस्पितळांत भूल देणे हेच आपले काम मानले. इंग्लंडातसुद्धा तेव्हा भूल देणे हे बहुतेक ठिकाणी ज्याला दुसरे काम नाही अशा शिकाऊ पोराकडे सोपवले जाई. पडद्यातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरासमोर तोंड उघडायला तयार नसत, अशा शहरात शेजारी बसून धीर देणारी आणि श्वासाकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारी बाई असणे किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको. 1909 मध्ये, ॲनी बेझंट यांच्या प्रोत्साहनाने, त्या अधिक शिकायला एडिंबराला गेल्या. परतून आल्यावर 1920 मध्ये चादरघाटच्या इस्पितळाच्या अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आता त्यांचे नाव घेतले जाते. आयोगाच्या इतिहासात मोठी नावे लॉरी आणि ब्रंटन यांची येतात, पण तिथली शिकवण सगळ्यात जास्त वर्षे कुणी हाताने राबवली असेल तर ती बहुधा यांनीच.

लंडन मात्र वळले नाही. 1893 मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांनी एक कल्पक प्रयोग केला. एका प्राण्याचा मेंदू दुसऱ्या प्राण्याच्या रक्तावर पोसला जाईल अशी त्यांनी रक्तवाहिन्यांची जोडणी केली, म्हणजे क्लोरोफॉर्म फक्त मेंदूला किंवा फक्त हृदयाला देता येईल. औषध हृदयाकडे गेले की रक्तदाब उतरे, नुसते मेंदूकडे गेले तर तसा उतरत नसे. हैदराबादचा अहवाल रक्तदाब उतरतो हे मान्य करून वर म्हणत होता की ते एक संरक्षण आहे, दाब उतरल्याने मेंदूला विष कमी पोचते. हे संरक्षण नसून हृदयाची हार आहे, असे केंब्रिजचे उत्तर होते. लॉरी यांना ते पटले नाही, पुढेही कधी पटले नाही.

खरे उत्तर 1911 मध्ये आले, तेही मांजरांकडून. लंडनचे भूलतज्ज्ञ गुडमन लेव्ही यांनी हृदयतज्ज्ञ टॉमस लुइस यांच्या जोडीने दाखवले की क्लोरोफॉर्मची वाफ विरळ असताना, गुंगी हलकी असताना, हृदय अतिशय चिडखोर होते. त्यावेळी रक्तात ॲड्रेनलिन उसळले की खालचे कप्पे ठोका देण्याऐवजी नुसते फडफडू लागतात. त्यालाच व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. फडफडणारे हृदय रक्त ढकलत नाही, आणि बोटाला लागायची ती नाडी क्षणात नाहीशी होते. ॲड्रेनलिन कुठून येते? भीतीतून, धडपडीतून, अर्धवट गुंगीत लावलेल्या सुरीच्या वेदनेतून. विनलॅटनच्या खुर्चीत रडणारी, चिरा पडताच पाय झटकणारी पंधरा वर्षांची मुलगी इथे समजते. गाढ भुलीत हा धोका उलट कमी असतो. तिथे दुसरा धोका असतो: मात्रा वाढत गेली की मेंदूच्या देठातले श्वासाचे केंद्र झोपते आणि हृदय त्यामागून थांबते.

म्हणजे हैदराबादच्या काजळीच्या रेघा खोट्या नव्हत्या. तिथे बहुतेक प्राण्यांना सलग, भरपूर क्लोरोफॉर्म दिला गेला, आणि त्या वाटेने मरण येते ते आधी श्वासाचेच. आयोगाने जे पाहिले ते बरोबर पाहिले, पण लंडनला छळत होते ते मरण निराळे होते आणि ते दुर्मीळ होते. क्लोरोफॉर्मने साधारण दोन-तीन हजारांत एक रोगी दगावे. असला मृत्यू 490 प्राण्यांत दिसला नाही यावरून तो नसतोच असे कसे म्हणणार? आजचा संख्याशास्त्राचा पदवीधरही हा प्रश्न आधी विचारेल. तेव्हा तो नेटाने कुणी विचारला नाही. शिवाय लॉरी यांना उत्तर आधीच ठाऊक होते, आणि ज्याला उत्तर ठाऊक असते त्याच्या प्रयोगशाळेत निराळी वाट फारशी तुडवली जात नाही.

पण मला या प्रकरणातली खरी गंमत पुढे दिसते. लेव्ही यांचे म्हणणे मान्य केले तर सर्वांत धोक्याचे काय? भीत भीत, थोडाथोडा क्लोरोफॉर्म देणे, नाडी जरा अडखळली की फडके काढून घेणे, मग रोगी हलू लागला की पुन्हा देणे. नाडीवर बोट ठेवून बसलेला सावध लंडनकर नेमके हेच करत असे. आणि लॉरी काय सांगत होते? रोग्याला आडवे निजवा, पुरती भूल चढल्याशिवाय सुरी लावू नका. त्यांचे निदान चुकले होते, पण पथ्य बरेचसे बरोबर होते. लंडनचे निदान खऱ्याच्या जवळ होते आणि त्यांचे पथ्यच रोग्यांना नडत होते. लॉरी यांना आपल्या हातून मृत्यू झालेले दिसत नव्हते त्यामागे हेही एक कारण असावे, निव्वळ बढाई नव्हे.

क्लोरोफॉर्मचे आणखी एक दुखणे मात्र दोन्ही पक्षांच्या नजरेतून सुटले होते, कारण ते टेबलावर दिसतच नसे. 1894 मध्ये लंडनचे लेनर्ड गथ्री यांनी काही मुलांची हकीकत छापली. शस्त्रक्रिया नीट झाली, मूल शुद्धीवर आले, आणि मग एक-दोन दिवसांनी उलट्या, ग्लानी, मृत्यू. क्लोरोफॉर्मचे शरीरात जे तुकडे पडतात ते यकृताच्या पेशी जाळतात, हे पुढे कळले. हैदराबादचे प्राणी इतके दिवस पाहिलेच गेले नव्हते. उघड्या ज्योतीजवळ क्लोरोफॉर्मची वाफ गेली की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू होतो, हेही गॅसच्या दिव्यांखाली काम करणाऱ्या सर्जनांना खोकत खोकत शिकावे लागले.

भुलीच्या औषधांनी मेंदूत नेमके काय होते, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हते. 1900 च्या आसपास मायर आणि ओव्हर्टन या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवले की जे औषध तेलात जास्त विरघळते ते कमी मात्रेत भूल आणते. पेशींची आवरणे स्निग्ध असतात, तेव्हा औषध तिथेच मुरत असावे, असा तर्क पुढची कित्येक दशके चालला. आज चित्र बरेच बदलले आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना शांत करायला गाबा नावाचे द्रव्य वापरतात. त्या द्रव्याला प्रतिसाद देणारी जी प्रथिने पेशीच्या आवरणात असतात, त्यांना भुलीची बहुतेक वायुरूप औषधे चिकटतात आणि शांत करण्याचा परिणाम वाढवतात. काही औषधे पोटॅशियमच्या वाटा उघडून पेशीला थंड करतात. जाणीव, स्मरण, वेदनेला दिलेला प्रतिसाद असे एकेक कार्य मावळत जाते. मात्रा चढली की त्याच वाटेने श्वासही मावळतो, आणि हृदयाचे स्नायूही ढिले पडतात. म्हणून भूल आणि भुलीचा अपाय ही दोन निराळी प्रकरणे करता येत नाहीत.

हैदराबादचा वाद पेटला त्याच दशकात युरोपात दुसराच रस्ता निघाला होता. व्हिएन्नाचे तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब आधी बेडकाच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात घातले. बुबुळाला टाचणी टोचली तरी कळले नाही. 15 सप्टेंबर 1884 ला हायडलबर्गच्या परिषदेत त्यांचा निबंध वाचला गेला. प्रवासखर्च परवडत नव्हता म्हणून तो दुसऱ्यानेच वाचला. ही भूल मेंदूपर्यंत जातच नाही. वेदनेचा निरोप मज्जातंतूतून पुढे सरकतो तो सोडियमचे कण तंतूच्या आत शिरत जातात म्हणून. कोकेन आणि पुढची प्रोकेन, लिडोकेन ही औषधे सोडियमचे ते दरवाजेच बंद करतात. निरोप जागच्या जागी विरतो आणि माणूस जागा राहतो, बोलत राहतो.

अपाय तिथेही आहेत, कारण सोडियमचे दरवाजे मेंदूत आणि हृदयातही असतात. इंजेक्शन चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा मात्रा फार झाली की आधी ओठांभोवती बधिरपणा येतो, कानात आवाज येतो, तोंडात धातूची चव येते, मग झटके येतात आणि हद्द झाली तर हृदयाची लय मोडते. कोकेनची तर चटकही लागते. अमेरिकेतले थोर सर्जन विल्यम हॉल्स्टेड स्वतःवर प्रयोग करता करता त्याच्या विळख्यात सापडले. औषध रक्तात झटकन पसरू नये म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन सर्जन हाइनरिश ब्राउन यांनी त्यात ॲड्रेनलिन मिसळायला सुरुवात केली. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, बधिरपणा टिकतो, रक्तही कमी जाते. दाताच्या डॉक्टरकडच्या इंजेक्शनात आजही बहुतेक वेळा ते असते.

क्लोरोफॉर्म आपल्याकडे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेंगाळला. 1956 मध्ये मँचेस्टरला हॅलोथेन पहिल्यांदा वापरला गेला आणि बघता बघता जगभर पसरला. वास सौम्य, आगीची भीती नाही, भूल झटपट. पण रेणूच्या जडणघडणीने तो क्लोरोफॉर्मचा लांबचा नातलगच, आणि घराण्याच्या दोन्ही खोडी त्याच्यात उतरल्या होत्या. क्वचित एखाद्याच्या यकृताला तो सोसत नसे, आणि त्याच्या अमलाखाली हृदय ॲड्रेनलिनला चिडत असे. फक्त आता भूलतज्ज्ञाला कारण ठाऊक होते आणि समोर पडद्यावर हृदयाची लय धावत होती. जखमेच्या जागी बधिर करणारे औषध ॲड्रेनलिनसह टोचायचे असले की सर्जनने आधी भूलतज्ज्ञाला विचारायचे, किती मिली देऊ, आणि त्याने सांगितलेल्या मापापलीकडे जायचे नाही, हा शिरस्ता त्या काळात पडला. सेव्होफ्लुरेनसारखी नंतरची औषधे आल्यावर ती धास्ती पुष्कळ ओसरली, तरी विचारण्याची सवय बऱ्याच थिएटरांत टिकून आहे.